हिवाळ्यापुरतं अंगण

"आई, ती कुदळ खाली ठेव. आधी खाली ठेव."

अल्व्हेस्टर टगल हातातला कॉफीचा कप तसाच धरून व्हरांड्याच्या पायरीवर उभा होता. समोर त्याची एक्याण्णव वर्षांची आई, ओझेला, झोपायच्या गाऊनवर त्याचाच जुना कोट चढवून त्याचं लॉन खणत होती. जेवणाच्या टेबलाएवढा तुकडा उघडा पडला होता, जॉर्जियाची तांबडी माती वर आली होती, आणि उपटलेल्या हरळीचा ढीग तिने व्यवस्थित फुटपाथच्या कडेला लावला होता.

"कुठे ठेवू? तुझ्या डोक्यात?" ओझेला म्हणाली. "गारव्यात काम उरकतं. तू उठणार ऊन डोक्यावर आलं की."

"सात वाजलेत, आई."

"तेच म्हणतेय मी."

जाळीच्या दारातून अल्व्हेस्टरची बायको व्हर्नेल डोकावली. तिने तो खड्डा पाहिला, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "गॅरेजला कुलूप लाव म्हणून कधीची सांगतेय मी. ऐकतं कोण माझं?"

अल्व्हेस्टरला मात्र हसू येत नव्हतं. एप्रिलचा शेवट होता. हरळी नुकती कुठे हिरवीगार झाली होती. अजून पंधरा दिवसांत तिला पहिलं खत द्यायचं, मग आठवड्यातून दोनदा अगदी बुटकी कापायची, पहाटे पाणी सोडायचं, फुटपाथची कड सुरीने कापल्यासारखी सरळ ठेवायची. हा त्याचा गेल्या पंचवीस वर्षांचा नेम. सूतगिरणीत बॉयलरवर असताना पाळीवरून घरी आला की आधी लॉनवर एक चक्कर, मग आंघोळ. निवृत्त झाल्यावर तर विचारूच नका. मागल्या जूनमध्ये गावच्या बागप्रेमी बायकांच्या मंडळाने 'या महिन्याचं उत्तम अंगण' अशी पाटी त्याच्या दारात रोवली होती, तेव्हा त्याने गिरणीतल्या जुन्या दोस्तांना काहीतरी निमित्त काढून घरी बोलावलं होतं आणि पाटीबद्दल चकार शब्द न काढता सगळ्यांना तिच्यासमोर उभं करून लिंबू सरबत पाजलं होतं.

त्या लॉनमागे निव्वळ हौस नव्हती. तो आणि व्हर्नेल या रस्त्यावर राहायला आले, तेव्हा इथे काळ्या माणसाचं दुसरं घर नव्हतं. सामान उतरवत असताना समोरच्या बाईने शेजारणीला, यांना ऐकू जाईल इतक्या हळू, सांगितलं होतं, "बघू या आता, वर्षभरात त्या अंगणाची काय दशा होते ते." बाई पुढे मुलीकडे राहायला गेली, तिथेच वारली. अल्व्हेस्टर अजून तिला उत्तर देत होता. हरळीला सावली सोसत नाही, म्हणून दारातलं पिकनचं, अक्रोडाच्या जातीचं, डेरेदार झाड त्याने पहिल्याच वर्षी तोडलं. रस्त्यावर सगळ्यांत आधी त्याचं लॉन हिरवं व्हायचं आणि सगळ्यांत शेवटी पिवळं पडायचं.

आणि ओझेलाला गवत बघवत नसे.

तिचा जन्म गेला दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचण्यात आणि दोन खोल्यांच्या झोपडीपुढचं अंगण झाडण्यात. तिच्या माणसांत दाराशी गवताची एक काडी दिसता कामा नये अशी रीत होती. दर शनिवारी सगळी पोरं हातात खराटे घेऊन उभी राहायची, रानातल्या डॉगवुडच्या काटक्या बांधून केलेले खराटे, आणि अंगण झाडून झाडून ताटासारखं लख्ख करायची. ज्या घराच्या दारात गवत वाढलं ते घर ओस पडलं, नाहीतर आतली माणसं ऐदी, असा सरळ हिशेब. लहानपणी हातांना फोड येईपर्यंत झाडलेल्या अल्व्हेस्टरने तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आपल्या घराला झाडावं लागेल असं अंगणच ठेवायचं नाही.

इतकी वर्षं ती अधूनमधून येई, पण रविवारची पाहुणी म्हणून. गाडीतून उतरून स्वयंपाकघराच्या दाराने आत, जेवून त्याच दाराने परत. यजमानाच्या दाराला नावं ठेवू नयेत एवढं तिला कळत होतं. मागच्या ऑक्टोबरात ती झोपडीत पाय घसरून पडली आणि अल्व्हेस्टर तिला कायमची घेऊन आला, तेव्हा तिची जीभ मोकळी झाली.

"एवढी चांगली सावली तोडून गवत लावलं," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "लेक शिकला ना माझा. दहावीपर्यंत."

नोव्हेंबरात कडाक्याच्या थंडीने दव गोठलं आणि एका आठवड्यात हरळी वाळून गव्हाच्या काडासारखी झाली. दर वर्षी होते तशीच. ओझेला खिडकीशी उभी राहून बराच वेळ बघत होती. मग तिने हाक मारली.

"अल्व्ह, मेलं का रे हे?"

तिचा आवाज इतका आशेने भरलेला होता की अल्व्हेस्टरच्या तोंडून निघून गेलं, "हो आई. मारलं मी. तुला आवडत नाही ना."

बोलल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण म्हातारीचा चेहरा असा उजळला की शब्द परत घेण्याचा धीर होईना. तो सबंध हिवाळा ती शाल गुंडाळून पुढच्या व्हरांड्यात बसली. मार्चमध्ये त्याने नेहमीप्रमाणे वाळलेलं गवत अगदी मुळाशी कापलं, नवी पालवी जोमाने फुटावी म्हणून, आणि सगळा भुस्सा ओढून काढला. खालची माती दिसायला लागली. तेव्हा तर ओझेलाने त्याला डॉगवुडच्या काटक्या आणायला पिटाळलं, स्वतः खराटा बांधला आणि तीन सकाळी तो तांबडा-पिवळा पट्टा झाडत राहिली. चर्चमधल्या बायकांना तिने बोलावून दाखवलं, "माझ्या लेकाने मला अंगण करून दिलं."

अल्व्हेस्टर दाराआड उभा राहून ऐकत होता. त्याने मनाची समजूत घातली होती, की आई हल्ली विसरते. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही तिला. गवत परत येईल तोवर हेही विसरेल.

गवत आलं. पहिला आठवडा ओझेला नुसती खिडकीतून बघत राहिली, कोणाला काही बोलली नाही. आणि आज तिने कुदळ काढली.

न्याहारीला व्हर्नेलने मक्याचा शिरा आणि अंडी वाढली. ओझेलाच्या नखांत माती होती आणि ती धुवायला ती तयार नव्हती.

"तुला काय हवंय, आई?" अल्व्हेस्टर शेवटी म्हणाला. "मागे परसात करून देतो तुला अंगण. हवं तेवढं मोठं."

"परसातून नेणार आहेस का मला?"

"कुठे न्यायचंय तुला?"

"वेड पांघरू नकोस. सगळ्यांना जिथे नेतात तिथे." तिने चमचा खाली ठेवला. "माझी आई झाडलेल्या अंगणातून गेली. तुझा बाप गेला. मला गवतातून काढू नकोस, अल्व्ह. बेवारस घरातून उचलल्यासारखं वाटेल. एवढंच मागतेय. दुसरं काही मागितलंय का मी तुझ्याकडे कधी?"

"आई, जेवताना असलं काही बोलू नका हो," व्हर्नेल म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

अल्व्हेस्टर उठून बाहेर गेला. दोन लॉनच्या हद्दीपाशी शेजारचे गोरे मिस्टर हेगुड त्या खड्ड्याकडे मान वाकडी करून बघत होते. दोघांची दोस्ती जुनी, पण ती सगळी गवताच्या कडेला. खत पसरायची गाडी दोघांत एक. हेगुड त्याला अल्व्हेस्टर म्हणत, तो त्यांना मिस्टर हेगुड म्हणे, आणि पंचवीस वर्षांत दोघांपैकी कोणीही दुसऱ्याच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

"घूस लागली की काय?" हेगुड म्हणाले.

"एक्याण्णव वर्षांची घूस आहे, मिस्टर हेगुड."

हेगुड खो खो हसले. मग म्हणाले, "काळजी नको. हरळीच ती. महिन्याभरात भरून येईल खड्डा. कळणारसुद्धा नाही."

शनिवार त्याचा कापणीचा दिवस. अल्व्हेस्टरने गवत कापायचं मशीन बाहेर काढलं, पाती तपासली, तेल पाहिलं. खड्डा त्याने आधीच बुजवून टाकला होता. मशीन सुरू करण्याआधी त्याची नजर व्हरांड्याकडे गेली. ओझेला तिच्या खुर्चीत बसली होती, पण खुर्ची तिने फिरवून घेतली होती. लॉनकडे पाठ आणि तोंड भिंतीकडे. हिवाळाभर रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला हात करणारी बाई पांढऱ्या भिंतीकडे बघत बसली होती.

त्याने मशीन सुरू केलं नाही. थोडा वेळ तो तसाच दांडी धरून उभा राहिला. मग मशीन ढकलत गॅरेजमध्ये नेलं आणि कुदळ घेऊन आला.

"कुठून सुरू करू?" त्याने विचारलं.

ओझेलाने मान वळवली नाही. "पायरीपासून," ती म्हणाली. "आधी पायरीपासूनच करतात. तेवढंही विसरलास?"

हरळी लावणं सोपं असतं, हे अल्व्हेस्टरला माहीत होतं. काढणं काय असतं ते त्याला त्या मे महिन्यात कळलं. पंचवीस वर्षं खाऊ घालून पोसलेलं गवत ते. वरचा पापुद्रा निघाला की खाली मुळांसारख्या काशांचं जाळं, पांढरं, चिवट, हातभर खोल गेलेलं. एक काशी ओढावी तर ती तीन हात लांब निघून ऐन टोकाला तुटायची, आणि जे टोक मातीत राहिलं त्याला आठवड्यात हिरवा कोंब. काल साफ केलेल्या जागी आज सुया टोचल्यासारखी हिरवी टोकं वर आलेली दिसत. दुकानदार या गवताला बर्म्युडा म्हणतात आणि पिशवीमागे घसघशीत पैसे मोजून घेतात. ओझेला त्याला हरळीच म्हणे, आणि म्हणताना थुंकल्यासारखा आवाज काढी.

हेगुड दोन आठवडे काही बोलले नाहीत. मग एका सकाळी हद्दीपाशी आले. "अल्व्हेस्टर," ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "घर विकताय का?"

"नाही, मिस्टर हेगुड. आईसाठी करतोय. तिला मोकळी माती हवीय."

हेगुडनी टोपी काढून डोकं पुसलं. त्यांना ते कळलं नाही, पण आईसाठी म्हटल्यावर पुढे विचारता येईना. "माझ्याकडे फवारायचं औषध आहे," ते म्हणाले. "दोनदा मारलंत की सगळं जळून जाईल. असं गुडघ्यांवर रांगायला नको."

"अंगणात विष टाकाल तर मी या घरचं पाणी पिणार नाही," व्हरांड्यातून ओझेला कडाडली. तिला नको ते बरोबर ऐकू येई.

मग रांगणंच आलं. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या त्याच्या घरापाशी हळू होत. पाटी लावणाऱ्या मंडळातल्या दोघी जणी गाडी थांबवून बघून गेल्या आणि एकीने काच खाली घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? अल्व्हेस्टरने 'हो मॅडम' म्हटलं आणि मान खाली घालून काशा ओढत राहिला. त्याला त्या दिवशी फार लागलं. त्या मेलेल्या बाईचं बोलणं अखेर खरं झालं, असं त्याला वाटलं. रात्री व्हर्नेल त्याच्या गुडघ्यांना मलम चोळत म्हणाली, "लोक दोन दिवस बोलतील. आईची आठवण तुला जन्मभर राहील." एवढं म्हणून तिने मलमाची डबी बंद केली.

ओझेला मात्र त्या दिवसांत पोरीसारखी झाली होती. तिने खुर्ची परत रस्त्याकडे फिरवली होती. व्हर्नेल तिच्या डोक्यावर चर्चची मोठी छत्री बांधून देई आणि म्हातारी मुकादमासारखी हुकूम सोडत बसे.

"तिकडे राहिलंय. कोपऱ्यात. डोळे आहेत की गुंड्या?"

"दिसतंय मला, आई."

"दिसतंय तर काढ. तुझा बाप असाच होता. त्याला दिसायचं सगळं."

जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी फक्त रस्त्याकडचा पट्टा राहिला होता. अल्व्हेस्टर घामाने निथळत पायरीवर टेकला. व्हर्नेल आत मटार सोलत होती. त्याला वाटलं, आता बोलून टाकावं. इतके महिने ते मनात डाचत होतं.

"आई, मी खोटं बोललो होतो तुझ्याशी. हिवाळ्यात. मी काही मारलं नव्हतं गवत. थंडीत ते आपोआप वाळतं. मला वाटलं तुला कळणार नाही."

ओझेला हसली. दात नसलेलं, मनापासूनचं हसू.

"साठ वर्षं कापसातली हरळी उपटली मी," ती म्हणाली. "तुला पोटात घेऊन उपटली. आणि ती थंडीत मरते का झोपते, हे तू मला शिकवणार?"

अल्व्हेस्टर तिच्याकडे बघतच राहिला. "मग तू तेव्हा बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? तुझा जीव होता त्याच्यात. मला हिवाळाभर अंगण मिळालं, तुला उन्हाळाभर गवत मिळणार होतं. चांगलं चाललं होतं की आपलं."

"मग आता का खणायला लागलीस?"

रस्त्यावरून एक गाडी गेली, ओझेलाने सवयीने हात केला.

"पुढच्या हिवाळ्यापर्यंत मी थांबणार नाही, बाळा," ती म्हणाली. "आतून कळतं ते. नाहीतर कशाला मोडलं असतं तुझं गवत."

अल्व्हेस्टरने तिचा पाय हातात घेतला आणि तसाच धरून बसला. सहासष्ट वर्षांचा माणूस, पण त्याला लहान पोरासारखं रडू येत होतं. ओझेलाने त्याला रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाली, "पुरे. अजून उजेड आहे. तो कोपरा उरकून घे."

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शेवटची काशी निघाली. अल्व्हेस्टरने माती सारखी केली, पाणी शिंपडलं, फळीने ठोकून बसवली. ओझेला लगेच खराटा मागेल असं त्याला वाटलं होतं, पण तिने मान हलवली. "दोन दिवस ऊन लागू दे. बसू दे नीट. शनिवारी मी झाडीन. मी झाडेपर्यंत कोणी पाय टाकायचा नाही."

शुक्रवारी दुपारी जेवताना ती खुर्चीतून घसरली. व्हर्नेलने फोन केला. ॲम्ब्युलन्सवाली मुलं चटपटीत होती, त्यांनी स्वयंपाकघराकडे फरसबंदीची वाट बघून स्ट्रेचर त्या दाराने आत आणलं आणि त्याच दाराने तिला बाहेर नेलं. घाईत कोणाला काही सुचलं नाही. अल्व्हेस्टरलासुद्धा नाही. गाडी कोपऱ्यावर वळल्यावर त्याच्या लक्षात आलं.

रविवारी पहाटे ती दवाखान्यातच गेली.

अंत्यविधीची व्यवस्था बघणारे लव्हेट हे टगल घराण्याच्या तीन पिढ्यांना मूठमाती देणाऱ्या माणसाचे नातू. अल्व्हेस्टरने त्यांना सांगितलं, "आईला चर्चमध्ये न्यायच्या आदल्या संध्याकाळी घरी आणायची. रात्रभर घरी राहील. सकाळी घरातून निघेल."

लव्हेटनी चष्मा काढला. "आता कोणी तसं करत नाही, मिस्टर टगल. माझ्या आजोबांच्या वेळेला व्हायचं. आमच्या हॉलमध्येच लोक दर्शनाला येतात."

"माहीत आहे मला."

"आणि या उन्हाळ्यात पेटी आत-बाहेर करायची म्हणजे..."

"मिस्टर लव्हेट," व्हर्नेल मध्येच म्हणाली. ती एरवी पुरुषांच्या बोलण्यात मध्ये पडणारी नव्हती. "ती आमच्या घरातून गेलेली नाही. तिला दवाखान्यात पोचवलंय फक्त. तो म्हणतोय तसं करा."

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी पेटी आली. माणसांनी ती सवयीने स्वयंपाकघराच्या दाराने आत घेतली आणि अल्व्हेस्टरने आत घेऊ दिली. ज्या दाराने गेली त्या दाराने परत आली, ते ठीकच होतं. बैठकीच्या खोलीत मेजं बाजूला सारून तिला ठेवलं. चर्चच्या बायका रात्रभर गात होत्या.

फटफटायला लागल्यावर अल्व्हेस्टर खराटा घेऊन बाहेर आला. आठवडाभर कोणी पाऊल टाकलं नव्हतं, तरी चार-पाच ठिकाणी हिरवे कोंब वर आले होते. ते त्याने बसून एकेक करून उपटले. मग झाडायला लागला. पहिल्यांदा रेघा वेड्यावाकड्या आल्या. आई असती तर तिने खराटा हिसकावून घेतला असता. त्याने सगळं पुन्हा पहिल्यापासून, पायरीपासून झाडलं. रस्त्यापर्यंत पोचला तेव्हा सूर्य वर आला होता. पायरीपासून फुटपाथपर्यंत तांबड्या मातीवर एकसारख्या बारीक रेघा उमटल्या होत्या, आणि बाकी काही नव्हतं.

दहा वाजता काळी गाडी रस्त्याला लागली. मिस्टर हेगुड काळा सूट घालून आले होते. ते त्यांच्या लॉनच्या कडेला येऊन थांबले, त्या झाडलेल्या मातीवर पाय ठेवावा की नाही ते न कळून.

चर्चचे सहा जण पेटी घेऊन पुढच्या दाराने बाहेर आले आणि व्हरांड्याच्या पायरीवर अडखळले. सगळ्यांत पुढे चर्चचा कारभार बघणारे डीकन स्मिली होते, ओझेलापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, पण तसल्याच अंगणात वाढलेले. त्यांनी खाली पाहिलं, मग अल्व्हेस्टरकडे पाहिलं.

"फार सुंदर झाडलंयस, भावा," ते हलकेच म्हणाले. "सगळं विस्कटेल. मागच्या दाराने घेऊ का?"

"इथूनच घ्या," अल्व्हेस्टर म्हणाला. "विस्कटू दे. तिच्यासाठीच झाडलंय."

डीकननी मान डोलावली आणि पहिलं पाऊल मातीवर ठेवलं. सहाही जण खाली उतरले, ओझ्याने सावकाश, पावलाला पाऊल लावत. वाट मोकळी राहावी म्हणून अल्व्हेस्टर खराटा हातात घेऊन बाजूला झाला आणि हेगुडच्या गवतावर जाऊन उभा राहिला.